झाकली मूठ आणि मोकळा हिशेब

थंडी सुरू झाली की आमच्या यावल तालुक्यात भरिताच्या पंगती सुरू होतात. बामणोदची लठ्ठ हिरवी वांगी शेतातच काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, हिरव्या मिरचीची आणि कांद्याच्या पातीची फोडणी द्यायची आणि केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीबरोबर वाढायची. पोट भरते आणि गप्पाही होतात. गावातली निम्मी सोयरीक आणि निम्मी भांडणे या पंगतीत कानावर येतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका पंगतीला मी होतो. एका तरुणाने आपल्या घरची हकिकत सांगितली. त्याच्या मावशीला फोन आला. आवाज अगदी भाच्याचा. ‘मावशी, अपघात झाला आहे, दवाखान्यात भरायला पैसे हवेत, घरी सांगू नको.’ मावशीने शेजारच्या मुलाकडून मोबाइलवरून पंधरा हजार रुपये पाठवून दिले. भाचा त्या वेळी शेतात ठिबकच्या नळ्या जोडत होता. खरा प्रकार कळल्यावर १९३० या क्रमांकावर तक्रार झाली. पण तोवर पैसे पुढे निघून गेले होते. आज संगणक माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करू शकतो, हे त्या माउलीला कुणी सांगितलेच नव्हते.

मंडळी हळहळली. मग एक वयस्क गृहस्थ भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “आता सख्ख्या भावाचाही भरवसा राहिला नाही बुवा.” सर्वांनी माना डोलावल्या. मी मात्र पानाकडे पाहत राहिलो. कारण त्या वाक्यातला सख्खा भाऊ एकदा मीच होतो.

ती गोष्ट आज सांगणार आहे. आपला कबुलीजबाब वर्तमानपत्रात छापून आणण्याची मला हौस नाही. पण नात्यातला विश्वास कसा उभा राहतो आणि कशाने मोडतो, यावर हल्ली जे बोलले जाते त्यात एक गोष्ट निसटते आहे असे मला वाटते, आणि ती मला माझ्या बहिणीने शिकवली.

भाऊ म्हणतो तर

माझे मेहुणे २००४ साली वारले. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मेहुण्यांच्या नोकरीचे पैसे हाती आले ते तीन लाख रुपये. पदरी एक मुलगी, थोडी कोरडवाहू जमीन. मी शाळामास्तर, चार लोकांत उठबस असलेला. साहजिकच आक्काने पैशाचे मला विचारले. त्या काळी बँकेत ठेवीवर सहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. आमच्या बाजारपेठेतली एक पतसंस्था बारा टक्के देत होती. तिचे चेअरमन माझ्या बैठकीतले. मी आक्काला तिथे घेऊन गेलो. व्यवस्थापकाने अर्ज पुढे केला. आक्काने तो वाचलाही नाही. “भाऊ म्हणतो तर बरोबरच असेल,” असे म्हणून तिने सही केली. त्या वेळी मला केवढा अभिमान वाटला होता!

खानदेशात तेव्हा हे घरोघरी चालले होते. केळी आणि कापूस ही आमची पिके. पैसा येतो तो एकदम येतो आणि वर्षभर पुरवावा लागतो. गावोगावी पतसंस्था निघाल्या त्या ही गरज ओळखूनच. पिग्मी गोळा करणारा पोरगा रोज दारात यायचा, कर्जाला हेलपाटे पडत नसत, आणि चेअरमन आपल्याच आळीतला असायचा. या संस्थांनी अनेक लहान माणसांना सावकाराच्या दारातून सोडवले, हेही खरे आहे. पण एक फरक फारच थोड्यांना ठाऊक होता. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. १९९३ पासून त्याची मर्यादा एक लाख रुपये होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेली असली, तिच्या पाटीवर शासनमान्य असे लिहिलेले असले, तरी ठेव बुडाली तर भरून देणारे मागे कुणी नसते.

२००७ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्था एकामागून एक अडचणीत आल्या. संचालकांनी आपल्याच गोतावळ्यात वाटलेली कर्जे, तारणाशिवाय दिलेल्या रकमा आणि जमिनींच्या व्यवहारात अडकलेला पैसा, असे सगळे बाहेर येऊ लागले. ठेवीदारांच्या रांगा लागल्या. पुढे २०१५ मध्ये जळगावात मुख्यालय असलेली आणि अनेक राज्यांत शाखा असलेली भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था कोसळली, तिच्यावर अवसायक नेमला गेला. आणि २०२० मध्ये त्या अवसायनाच्याच कारभाराबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ठेवीदारांच्या पावत्या पडत्या भावात घेऊन बड्यांच्या कर्जात वळत्या केल्याचा आरोप त्यात होता. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा कायदा १९९९ चा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालय आहे. पण जप्तीपासून लिलावापर्यंत आणि लिलावापासून ठेवीदाराच्या हातापर्यंतची वाट किती लांब असते, हे ज्याची मुलगी लग्नाची होती त्याला विचारावे.

या सगळ्याचा ताळेबंद कुणीतरी मांडीलच. जो ताळेबंद कुठेच मांडला गेला नाही तो घराघरांतला आहे. कारण आमच्याकडच्या ठेवीदाराने विश्वास ठेवला होता तो माणसावर, संस्था त्याच्यामागे कुठेतरी होती इतकेच. कुणी साडूच्या शब्दावर पैसे ठेवले, कुणी मास्तरच्या, कुणी पिग्मीवाल्या पोराच्या. संस्था बुडाली तेव्हा संचालक जळगाव-पुण्याला निघून गेले. साडू, मास्तर आणि तो पोरगा मात्र गावातच होते. तोटा दप्तरात संस्थेच्या नावे पडला आणि दारात नात्याच्या नावे. साडवांनी एकमेकांच्या ओट्यावर बसणे सोडले, माहेरवाशिणी दिवाळीला आल्या नाहीत. कोर्टात जावे तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणायचे आणि गप्प बसायचे.

केळीचा घड आणि शेजाऱ्याचा शब्द

हे फक्त पतसंस्थांपुरते नाही. आमचा केळीचा सगळा व्यापार शब्दावर उभा आहे. बोर्डाचा भाव जाहीर होतो. व्यापाऱ्याची माणसे शेतात येतात, घड कापतात, काट्यावर वजन होते आणि ट्रक दिल्लीच्या नाहीतर आणखी उत्तरेच्या वाटेला लागतो. शेतकऱ्याच्या हाती राहते ती एक चिठ्ठी. पैसे आठ-पंधरा दिवसांनी. पूर्वी फ्रूट सेल सोसायट्यांच्या काळातही उधारी होती. पण तेव्हा माल कुणाकडे गेला आणि पट्टी किती आली, हे सभासदाला सोसायटीत जाऊन विचारता येत असे. आता व्यापारी परप्रांतीचा, मधला माणूस गावातला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, फळाचे नाव कायद्याने सुरक्षित झाले. चिठ्ठीचे मात्र झाले नाही.

दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी व्यापारी लाखोंची उधारी थकवून पसार झाल्याची बातमी येते. तेव्हा शेतकरी दिल्लीला जात नाही. तो मधल्या माणसाच्या दारात जातो, कारण ‘तू मध्ये होता म्हणून माल दिला.’ मी अशी दोन घरे पाहिली आहेत. एका घरच्या मधल्या माणसाने व्यापाऱ्याचा फोन बंद लागला त्याच रात्री सगळ्या शेतकऱ्यांना बोलावले, आपली वही पुढे टाकली आणि सांगितले, ‘एवढे येणे आहे, माझी दलाली एवढी, माझ्याजवळ आज एवढेच आहे.’ लोक रागावले, शिव्याही दिल्या; पण पुढच्या हंगामात त्याच्याकडेच माल दिला. दुसऱ्याने दोन महिने ‘उद्या येतात, परवा येतात’ असे सांगत दिवस काढले. त्याने पुढे जमीन विकून बरीचशी रक्कम चुकती केली. तरी त्याच्या मुलाच्या लग्नात आळीतली चार घरे जेवायला गेली नाहीत.

पहिल्याने कमी पैसे दिले, दुसऱ्याने जास्त. विश्वास मात्र पहिल्याचा टिकला. असे का व्हावे, हे मला त्या वेळी नीटसे उमगले नव्हते. उमगले ते आक्काच्या ओसरीवर.

चार महिन्यांचा चहा

२००७ च्या जानेवारीत पतसंस्थेतल्या एका कारकुनाने, तो माझा जुना विद्यार्थी, मला बाजूला घेऊन सांगितले, “सर, तुमचे काय असेल ते काढून घ्या.” माझे चाळीस हजार होते. मी चेअरमनकडे गेलो. ते म्हणाले, “दोन महिन्यांत सगळे सुरळीत होते. मास्तर, तुम्ही मात्र बोभाटा करू नका. तुम्ही बोललात तर उद्या दारात हजार माणसे येतील.” मला ते पटले, किंवा पटवून घेणे सोयीचे होते. माझे चाळीस हजार मी काढले आणि आक्काला सांगितले नाही.

वाचक विचारतील, का सांगितले नाही? मीही स्वतःला पुष्कळ वर्षे हे विचारले. कारणे होती. एक, संस्था बुडेल असे मला खरोखर वाटत नव्हते. दोन, तीन लाख एकदम मागितले तर बोभाटा होणारच होता. आणि तिसरे कारण, जे मी बरीच वर्षे कबूल केले नाही, ते असे की तिला सांगायचे म्हणजे ‘मी चुकलो’ असे सांगायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीवर आमच्या पिढीचा संसार चालला. त्या चार महिन्यांत मी आक्काच्या घरी आठ-दहा वेळा तरी गेलो असेन. चहा घेतला, भाचीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि परतलो.

मे महिन्यात पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागले. आक्काला ते कळले दूधवाल्याकडून. माझे पैसे आधीच निघाले होते, हे कळले बाजारात कुणाकडून तरी. ती भांडली नाही, घरीही आली नाही. श्रावणात राखी आली ती पोस्टाने, चिठ्ठीशिवाय. भाऊबीजेला मी गेलो नाही. तिने निरोप पाठवला नाही. अशी दोन वर्षे गेली. दोन गावांत आठ मैलांचे अंतर, आणि दोन वर्षे!

लग्नाच्या बैठकीतली मूठ

पैशाच्या व्यवहारात हे होते तसेच लग्नाच्या व्यवहारातही होते, आणि आजकाल अधिक होते. आमच्याकडे मुलींची संख्या घटली, मुलांची लग्ने अडू लागली. मग बैठकीत मुठी झाकल्या जातात. मुलाची पुण्यातली ‘कंपनी’ कंत्राटी असते, पंधरा एकरांतले दहा एकर चुलत्याचे असतात, कुणाचे दुखणे, कुणाचा मोडलेला साखरपुडा दडवला जातो. ‘एकदा अक्षता पडू द्या, मग सगळे सांभाळून घेतील,’ असे वडीलधारेच सांगतात. घर सांभाळूनही घेते. कंत्राटी नोकरीबरोबर संसार करता येतो. पण ‘मला सांगितले नाही’ हे वाक्य त्या संसारात कायमचे राहायला येते आणि प्रत्येक भांडणात पहिले तेच उठते.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बाराव्या कलमाखाली, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून, फसवून संमती घेतली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यानंतरही राजीखुशीने एकत्र राहिल्यास तो हक्क उरत नाही. कायद्याने इथे माणसाचा स्वभाव बरोबर ओळखला आहे असे मला वाटते. कळल्यावर काय करायचे ते ठरवावे लागते. कळूनही न बोलता राहणे हा ठराव नव्हे, ती नुसती साचत जाणारी कटकट.

आमच्याच तालुक्यात पाडळसे येथे भोरगाव लेवा पंचायत आहे. नवरा-बायकोच्या तंट्यात दोन्हीकडच्या मंडळींना समोरासमोर बसवण्याचे काम ती करते. अशा कोणत्याही बैठकीला कोर्टाचा अधिकार नाही, आणि जातीच्या पंचांनी कुणाला वाळीत टाकू नये म्हणून महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, हेही योग्यच झाले. बाईमाणसाला बैठकीत पुरेसे बोलू देतात का, हाही प्रश्न आहेच. पण समोरासमोर बसवणे ही कल्पना मात्र चुकीची नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या नवव्या कलमानेही न्यायालयावर पहिले काम तेच सोपवले आहे: निवाड्याआधी तडजोडीचा प्रयत्न. आणि तडजोड म्हणजे बहुतेक वेळा काय, तर झाकलेल्या मुठी एकाच खोलीत, एकाच वेळी उघडणे.

फडातले पाणी

‘आपल्यात कसला हिशेब?’ हे आमच्याकडचे मोठे प्रेमाचे वाक्य समजले जाते. हिशेब विचारणे म्हणजे नात्याचा अपमान. पण आपले पूर्वज असे भोळे होते का? तापीच्या पलीकडे, धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि त्या पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग म्हणजे फड. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षांची मानली जाते. तिची गंमत अशी की प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे असते. दुष्काळ पडला तर पाणी एका-दोन फडांनाच द्यायचे. पण त्या फडांत सगळ्यांचीच जमीन असल्याने कुणीच अगदी कोरडा राहत नाही. एकट्याचे नुकसान नाही, एकट्याचा फायदाही नाही.

आणि एवढे करूनही त्या लोकांनी पाणी सोडायला पाटकरी नेमला, देखरेखीला हवालदार ठेवला, राखणीला जागल्या ठेवला. भाऊबंदच ते सगळे! तरी ‘आपल्यात कसली राखण’ असे कुणी म्हटले नाही. जागल्या आहे म्हणून शेजाऱ्याचा अपमान झाला असेही कुणाला वाटले नाही. उलट रात्री पाणी कोण वळवतो हा संशय नको म्हणूनच जागल्या. अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. पाणी, कुरणे, जंगल अशी सामाईक साधने लोक पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकवतात याचा त्यांनी जगभर अभ्यास केला. ज्या व्यवस्था टिकल्या त्यांत वापरणाऱ्यांची एकमेकांवर उघड नजर होती, चूक झाली तर आधी लहान आणि मग मोठी शिक्षा होती, आणि भांडण मिटवायला जवळची, स्वस्त जागा होती, असे त्यांना दिसले. पांझरेकाठच्या शेतकऱ्याला यात नवल वाटले नसते.

म्हणजे विश्वास आणि विचारपूस ही एकमेकांची वैरी नाहीत. जिथे विचारता येते तिथेच विश्वास फार दिवस टिकतो. ज्या नात्यात विचारण्याची सोय नाही, तिथे एका बाजूला आंधळी सही असते आणि दुसऱ्या बाजूला झाकलेली मूठ. त्या मावशीचेच पाहा. ‘घरी सांगू नको’ असे भाचा म्हणाला तेव्हा ‘का नको?’ एवढे विचारायची त्या घरात रीत असती, किंवा फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर तिने उलट फोन केला असता, तर ठगाचा आवाज कितीही हुबेहूब असता तरी काही बिघडले नसते. ठगाने आवाजाची नक्कल केली; पण त्याचे काम झाले ते गुपित राखायच्या आपल्या सवयीवर.

आक्काची वही

२००९ च्या उन्हाळ्यात भाचीचे लग्न ठरले. पत्रिका आली तीही पोस्टाने. माझी पत्नी म्हणाली, “मामाच मांडवात गेला नाही तर त्या पोरीला लोक काय म्हणतील? तुमच्या भांडणात तिचा काय दोष?” मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने निघालो. खिशात चाळीस हजार रुपये होते.

आक्का ओसरीवर ज्वारी निवडत होती. “काय भाऊ, वाट चुकला का?” एवढेच म्हणाली आणि सूप बाजूला सारले. मी सगळे सांगितले. कोणत्या दिवशी मला कळले, कुणी सांगितले, चेअरमन काय बोलले, मी काय काढले, आणि का बोललो नाही. तिसरे कारणही सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “पैसा गेला त्याचं दुःख झालंच. पण चेअरमननं मला फसवलं तर त्याचं माझं काय नातं? तू चार महिने याच ओसरीवर चहा पिऊन गेला आणि बोलला नाही. तेव्हापासून मला तुझा मागचा सगळाच चहा आठवायला लागला. आधी कधी कधी नाही बोलला असशील?”

एक गोष्ट झाकली की मागच्या सगळ्याच गोष्टींवर संशयाची सावली पडते. पैसे बुडाले ते तीनच लाख. पण माझ्या मौनाने आमची चाळीस वर्षे हिशेबाला लावली होती.

मी पैसे पुढे ठेवले. तिने मोजले. वीस हजार माझ्याकडे परत सारले. “तुला कळलं तेव्हा मला कळलं असतं तर आपण दोघं गेलो असतो. त्या दिवशी त्यांनी दोघांना मिळून एवढेच दिले असते. म्हणून अर्धे माझे, अर्धे तुझे.” दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण कुठल्याही न्यायाधीशाने याहून चोख वाटणी केली नसती. मग तिने भाचीची एक कोरी वही आणली. “आता यात लिही. आजची तारीख टाक. यापुढे माझ्या पैशासाठी जिथं जाशील तिथं मला घेऊन जायचं, आणि कोण भेटलं, काय बोललं, ते इथं लिहायचं. चांगलं असो, वाईट असो.”

ती वही पुढची सात वर्षे चालली. ठेवीदारांच्या बैठका, उपनिबंधकांच्या कार्यालयातल्या खेपा, जळगावच्या एस.टी.चे भाडे, दुपारच्या पोह्यांचे पैसे, सगळे तिच्यात आहे. ‘साहेब रजेवर’ असे एकवीस ठिकाणी लिहिलेले आहे. एकदा एक ओळखीचा माणूस ‘पावती तीस टक्क्यांनी देऊन टाका’ म्हणून आला, तेही आहे. २०१६ पर्यंत सात हप्त्यांत एक लाख दहा हजार रुपये परत आले. उरलेले आजवर आले नाहीत, आणि आता ती वाटही पाहत नाही.

मात्र भाऊबीजेचे ताट त्याच वर्षी परत मांडले गेले. आमचे नाते पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही. पूर्वी आक्का माझ्या कोणत्याही कागदावर डोळे मिटून सही करायची. आता ती कागद वाचून दाखवायला सांगते, मध्ये थांबवते, ‘हे काय लिहिलंय?’ म्हणून विचारते. कधी कधी राग येतो मला. शाळामास्तर ना मी! पण मग लक्षात येते की तिने विचारले म्हणजे मला उत्तर द्यावे लागते, उत्तर द्यायचे म्हणजे आधी मला नीट माहीत करून घ्यावे लागते, आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणावे लागते. दोघेही शहाणे होतो.

तरुण वाचकांना उपदेश करण्याचा माझा अधिकार मी २००७ सालीच गमावला. फक्त एक सांगावेसे वाटते. नात्यात चुका होणारच, पैसे बुडणारच, दिलेले शब्द कधी परिस्थितीने मोडणारच. नाती ते सगळे सोसतात. आपल्या माणसाला वाईट बातमी दुसऱ्याकडून कळावी, आणि ती आपल्याला आधीच ठाऊक होती हेही कळावे, एवढे मात्र ती सोसत नाहीत. तेव्हा वाईट बातमी असेल तर ती दूधवाल्याच्या आधी आपण घेऊन जावे. चहा नंतर घ्यावा.

पंगतीतल्या त्या गृहस्थांना मी त्या दिवशी काही बोललो नाही. परवा पुन्हा भेटले तेव्हा ही हकिकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, “मास्तर, माझ्याही भावाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे.” मी त्यांना एवढेच विचारले, “रावेरची गाडी किती वाजता आहे?”